उपासाचे रिकामे रकाने

माझी मोठी बहीण हिंदी मुलखातल्या खमरियाच्या सरकारी कारखान्यात आस्थापना विभागात कारकून होती. कारखान्याच्याच क्वार्टरमध्ये, दुसऱ्या मजल्यावर ती एकटी राहत असे. तिचे दोन्ही गुडघे झिजले होते. जिना चढायला तिला अकरा मिनिटं लागत; मी एकदा घड्याळ लावून पाहिलं होतं. हाडांच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेला होकार दिला, पण आधी बारा किलो वजन उतरलं पाहिजे, असं सांगितलं. एवढ्या वजनात भूल देणं धोक्याचं होतं. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. नोकरी पुरी करायची आणि कारखान्याच्या फाटकातून स्वतःच्या पायांनी बाहेर यायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

वजन उतरवण्याचे प्रयत्न तिने आधी केले नव्हते असं नाही. गरम पाणी, दुधी भोपळ्याचा रस, एका वेळचं जेवण. दर वेळी चार-पाच किलो उतरत आणि वर्षभरात परत येत. नात्यातल्या लग्नात तिच्या ताटाकडे लोक पाहत. "ताई, इथं तर तू काही खाऊनच नाही राहिली," एक वहिनी म्हणाली होती. 'इथं' या शब्दावरचा जोर सगळ्यांना कळला. बहीण हसली आणि तिने जिलबी परत केली.

मी एका हिंदी दैनिकात शहराच्या बातम्या पाहतो. एका वैद्यकीय संस्थेचं पत्रक टेबलावर आलं. लठ्ठपणा, आहार आणि शरीराचा ऊर्जाखर्च यांवर तिथे अभ्यास सुरू होणार होता आणि त्यासाठी माणसं हवी होती. बातमी चार ओळींची झाली. बहिणीचं नाव मी त्याच दिवशी नोंदवलं.

पहिली तपासणी उपाशीपोटी होती. तिला खाटेवर झोपवलं, डोक्यावर पारदर्शक घुमट ठेवला आणि अर्धा तास हलायचं नाही असं सांगितलं. आत गेलेली आणि बाहेर आलेली हवा यंत्र मोजत होतं. त्यावरून स्वस्थ पडलेलं शरीर किती ऊर्जा खर्च करतं ते कळतं.

"हलवायाच्या दुकानात माश्या बसू नये म्हणून झाकतात ना, तसं झाकलं मला," बाहेर आल्यावर ती म्हणाली.

आहारतज्ज्ञ मुलगी दक्षिणेकडची होती, हिंदी जपून बोलायची. तिने खाण्याचा तक्ता दिला आणि एक वही दिली. वहीत दर दिवसाला चार रकाने होते: सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र. जे तोंडात जाईल ते लिहायचं. पहिल्या आठवड्यात बहिणीने तीन दिवस काहीच लिहिलं नाही, म्हणून ते काम मी माझ्याकडे घेतलं. रोज सकाळी दहाला फोन करायचा, आदल्या दिवसाचं विचारायचं आणि लिहायचं.

ती सगळं सांगायची. पोळ्या दोन, वरण एक वाटी, वांग्याची भाजी, तेल चमच्याने मोजून. ऑफिसात कोणाच्या वाढदिवसाचा पेढा आला तर अर्धा. मी तेच लिहायचो. सोमवार, गुरुवार, चतुर्थी आणि एकादशीला संभाषण छोटं व्हायचं.

"काल काय खाल्लं?"

"काल उपास होता."

"बरं."

मी चारही रकान्यांत आडवी रेघ मारायचो. आहारतज्ज्ञाने एकदा फोनवर विचारलं होतं, "सर, व्रत के दिन कुछ भी नहीं?" मी म्हणालो, "व्रत है, मैडम." तिने पुढे विचारलं नाही. ऑफिसात नव्या वार्ताहराने असं एका उत्तरावर फोन ठेवला असता, तर मी त्याला परत फोन लावायला सांगितलं असतं.

पहिल्या दोन महिन्यांत सात किलो उतरले. मग काटा थांबला. पाच आठवडे तो हललाच नाही. तक्त्यातला भात आणखी कमी झाला. तिला दुपारी चक्कर यायची, सारखी थंडी वाजायची, आणि भूक पूर्वीपेक्षा जास्त लागायची. "कमी खाऊन राहिली तर भूक वाढते काहून?" तिने मला विचारलं. नंतर वाचून समजलं ते असं: वजन उतरलं की शरीर अपेक्षेपेक्षाही कमी ऊर्जा खर्च करू लागतं आणि भूक वाढवतं. घुमटाखालची तपासणी दुसऱ्यांदा होणार होती, ती हेच पाहायला.

ती तपासणी झाल्यावर डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावलं. समोर वही उघडी होती. ते शांतपणे बोलले. यंत्र म्हणतं, यांचा खर्च खूप कमी झाला आहे. पण वहीप्रमाणे या बाई आठवड्यातले दोन-तीन दिवस काहीच खात नाहीत. एवढ्या कमी खाण्यात वजन थांबूच शकत नाही. म्हणजे उरलेल्या दिवसांत काहीतरी लिहिलं जात नाही.

"मैंने कुछ नहीं छुपाया, सर," बहीण म्हणाली.

"सब यही कहते हैं, माताजी."

ती त्यांच्यापेक्षा चार-सहा वर्षांनीच मोठी असेल.

तिची नोंद अविश्वसनीय ठरली आणि तिला अभ्यासातून वगळलं. तसा कागद मिळाला. त्याची एक प्रत हाडांच्या डॉक्टरांकडे जाणार होती.

परतताना ऑटोत ती रडली नाही, चिडली. "जितकं खाल्लं तितकं सांगितलं. दुसऱ्याच्या घरी चहा घेतला तोही सांगितला. उपासाच्या दिवशीसुद्धा पोट भरून कधी घेतलं नाही. दीड वाटी खिचडी, बस."

"कोणती खिचडी?"

"साबुदाण्याची. उपासाला आणखी कोणती असते?"

"आणि?"

"राजगिऱ्याचा लाडू. एक. कधी दोन. शेंगदाण्याचं कूट मात्र घालावं लागते, नाही तर खाली उतरत नाही."

"ताई, हे मला सांगितलं काहून नाही?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "तू विचारलं, काय खाल्लं. उपासाला कोणी खाते का?"

ऑटोवाल्याने आरशातून एकदा पाहिलं. आम्ही एकाच घरात वाढलो. उपासाच्या दिवशी आई चुलीशी दुप्पट वेळ असायची आणि दुपारी सांगायची की आज कोणी जेवलं नाही. साबुदाणा मलाही माहीत होता. रेघ मारताना तो मला आठवला नाही, कारण तो आमच्याकडे खाण्यात धरतच नाहीत.

त्या आठवड्यात मी संस्थेला दोन पानांचं पत्र लिहिलं. चूक माझी आहे, तिने काही लपवलेलं नाही, उपासाच्या दिवशीचा फराळ असा असे. आहारतज्ज्ञाने फोन केला. तिने त्या फराळाचा हिशेब करून पाहिला होता. वहीत तो असता तर खाणं आणि खर्च जवळजवळ जुळले असते, असं ती म्हणाली. म्हणजे बहीण खरं सांगत होती. तिचं शरीर खरोखरच मंदावलं होतं, आणि तो अभ्यास नेमका अशाच माणसांना शोधत होता. "लेकिन सर, अब याद से लिखा हुआ नहीं चलेगा," ती म्हणाली. आवाज ओशाळा होता.

हाडांच्या डॉक्टरांनी संस्थेचा कागद वाचला, माझं पत्र वाचलं नाही. पाच किलो बाकी आहेत, संयम ठेवा, सहा महिन्यांनी या, म्हणाले. मी बहिणीला दुसऱ्या आहारतज्ज्ञाकडे जाऊ म्हणालो. तिने सगळं ऐकून घेतलं.

"खोटारडी म्हणून एकदा लिहून झालं ना? आता मी काट्यावर चढत नाही."

"उलट आता नीट लिहू."

"तू लिहू नको. लिहिलंस तेवढं पुरे."

हे ती रागाने म्हणाली नाही. सहा महिन्यांत चार किलो परत आले असावेत. अंदाजच आहे, कारण तिने वजन केलं नाही. बसची पायरी चढायला दोघांची मदत लागू लागली. मग रजा सुरू झाल्या. रजा संपल्यावर तिने स्वेच्छानिवृत्तीचा फॉर्म आणवला, दोन वर्षं बाकी असताना. क्वार्टर सुटणार होतं. विजय नगरला माझ्या घरी तळमजल्यावरची खोली रिकामी केली.

फॉर्म तिने स्वतः भरला. शेवटच्या पानावर कारण विचारलं होतं. तिने 'घरेलू परिस्थिति' असं लिहून खाली सही केली. ते खरं कारण नव्हतं. मी पाहिलं आणि कागद पाकिटात घातला.