सत्तावीस नंबर पुन्हा सुरू

माझ्या वडिलांना डेपोत सगळे 'सावकाश' म्हणायचे. बस थांब्याला लागली की आरशातून चढणाऱ्या-उतरणाऱ्यांकडे बघत ते प्रत्येकाला म्हणायचे, "सावकाश, सावकाश." चौतीस वर्षं त्यांनी बस चालवली. त्यातली एकोणीस एकाच मार्गावर, सत्तावीस नंबर, स्टेशन ते पाण्याची टाकी. ते निवृत्त झाले आणि वर्षभरात तो मार्गच बंद झाला. प्रवासी कमी झाले म्हणे. बाबांनी ते ऐकलं, "असं का," एवढंच म्हणाले आणि हातातला कप विसळायला गेले.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत त्यांनी घरातले गळणारे नळ दुरुस्त केले. पुढच्या सहा महिन्यांत न गळणारे. आई मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावरून निवृत्त झालेली. तिला वाचनालय होतं, फिरायला जायच्या मैत्रिणी होत्या, बहिणीचे लांबलचक फोन होते. ती मला म्हणाली, "यांना कशात तरी गुंतव गं. काल मिक्सरकडे बघत बसले होते. त्यांची ती नजर मला ओळखू येते."

मी आणि माझा नवरा त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर राहतो. नवऱ्याने हौसेने एक गेम घेतला होता, बस चालवायचा. सोबत टेबलाला घट्ट बसणारं स्टिअरिंग आणि पायाखाली ठेवायचे क्लच-ब्रेक. आमच्या घरात एक तर ते टेबल राहील नाहीतर मी, अशी वेळ आली, तेव्हा तो सगळा संसार आई-बाबांच्या मागच्या खोलीत गेला. चार दिवसांसाठी म्हणून.

नवऱ्याने बाबांना सहज बसवलं. बाबांनी आधी खुर्ची मागे घेतली, मग पुढे, मग परत थोडी मागे. पाठीला उशी लावली.

"आरसा कुठाय?"

नवऱ्याने पडद्यावरचा आरसा दाखवला. बाबांनी तो नीट करून घेतला आणि बस काढली. पहिल्या थांब्यावर दार उघडलं, चार माणसं चढली, आणि बाबा तसेच बसून राहिले.

"बाबा, निघा की."

"त्या बाई धावत येतायत, दिसत नाही का?"

"त्या चित्रातल्या आहेत. त्या धावतच असतात. आणि नाही थांबलात तरी फार गुण जात नाहीत."

बाबांनी जावयाकडे असं बघितलं, की जणू त्याने कुणाचं पाकीट मारायची युक्ती सुचवली होती. त्या बाई चढल्या. बाबा पुटपुटले, "सावकाश." दारात उभ्या असलेल्या मला हसू आवरेना.

चार दिवसांचे चार आठवडे झाले. बाबा सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून मागच्या खोलीत जायला लागले. घरात चप्पल न घालणारा माणूस ब्रेकवर पाय नीट बसावा म्हणून बूट घालायचा. आई म्हणायची, "चौतीस वर्षं बस चालवून पोट भरलं नाही यांचं." पण तिचा मिक्सर सुरक्षित होता, त्यामुळे ती जास्त बोलली नाही.

मग त्यांना कळलं, की या गेममध्ये आपला रस्ता आपण काढता येतो. वळणं, घरं, झाडं, थांबे, सगळं. त्याच दिवशी त्यांनी एक शंभर पानी वही आणली आणि पहिल्या पानावर लिहिलं: सत्तावीस.

रस्ते काढायचं तंत्र त्यांना जमेना. असे रस्ते काढणाऱ्या लोकांचा नेटवर एक गट होता, तिथे त्यांनी मदत मागितली. मदतीला आली 'पिवळी छत्री'. ते तिचं खेळातलं टोपणनाव. दुसऱ्या कुठल्याशा शहरात राहणारी, पंचविशीतली मुलगी, आणि खऱ्या बसचं लायसन्स काढायच्या मागे लागलेली. बसच्या परीक्षेत ती दोनदा नापास झाली होती, दोन्ही वेळा चढावर. बस थांबवून पुन्हा काढताना मागे घसरायची. दोघांनी मिळून सौदा केला. ती बाबांना झाडं लावायला शिकवणार, बाबा तिला चढावर बस काढायला शिकवणार. कानाला हेडफोन लावून दोघं तासन् तास बोलायची.

"काका, क्लच कधी सोडायचा तेच कळत नाही."

"गाडी सांगते. तू ऐकत नाहीस. नाक जरासं उचलेल बघ, तेव्हा."

ऐकायला फार छान वाटायचं. फक्त आता सकाळची दुपार व्हायला लागली होती. जेवायला तीन हाका. गॅसवरचं दूध दोनदा उतू गेलं, बाबा चार पावलांवर असून. वाचनालयाची पुस्तकं परत करायची राहिली. मी एकदा म्हटलं, "बाबा, जरा जास्त होतंय का?" ते म्हणाले, "हो हो, एवढा चौक झाला की झालं." चौक झाला की शाळा असायची आणि शाळा झाली की पूल.

आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. पट्टी काढायला मी तिला सकाळी दवाखान्यात सोडलं आणि तशीच कामावर गेले. मी लॅबमध्ये काम करते, तिथे फोन कपाटात ठेवावा लागतो. साडेअकराला बाबांनी तिला आणायचं, असं ठरलं होतं.

साडेअकराला बाबा शाळेच्या वळणावर होते. कानाला हेडफोन होते. फोन स्वयंपाकघरात वाजून वाजून बंद पडला.

आई दवाखान्याच्या बाकावर एक वाजेपर्यंत बसली. मग काळा चष्मा लावून, कुणाला तरी बसचा नंबर वाचायला सांगून, ती पकडून एकटी घरी आली. लॅच उघडल्याचा आवाजही बाबांना आला नाही. ती मागच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली तेव्हा त्यांनी वर बघितलं, मग घड्याळाकडे.

आई ओरडली असती तर बरं झालं असतं, असं बाबांनी नंतर मला सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "तुमच्या थांब्यावर कुणी दीड तास उभं राहिलं असतं, तर त्या दिवशी तुम्हाला जेवण गेलं नसतं." आणि आत जाऊन पडली.

मी घरी आले तेव्हा बाबा फडक्याने स्टिअरिंग पुसत होते. पुसून झाल्यावर त्यांनी ते खोक्यात घातलं, खोकं कपाटावर चढवलं. पिवळ्या छत्रीला निरोप लिहिला: मार्ग तात्पुरता बंद.

संध्याकाळी नवरा खाली आला. ते खोकं बघून तो बाबांच्या शेजारी बसला.

"मला माहितीये हे," तो म्हणाला. "कॉलेजात माझं एक अख्खं वर्ष असं गेलंय. परीक्षेला बसलोच नाही. खेळ आवडायचा म्हणून खेळत होतो असंही नाही. बाहेरचं काही नकोसं झालं होतं."

हे त्याने मला सांगितलेलं होतं, पण बाबांना पहिल्यांदाच. बाबांनी विचारलं, "मग सुटलं कसं?"

"सुटलं कुठे? बाहेरचं काहीतरी हवंसं झालं," असं म्हणून त्याने माझ्याकडे बघितलं. मी पडदे सारखे करायला लागले.

पुढचे तीन आठवडे बाबांनी आईच्या डोळ्यात औषध घालायचं वेळापत्रक सांभाळलं. दिवसातून चार वेळा. वेळेच्या पाच मिनिटं आधी ते बाटली घेऊन तिच्यासमोर उभे असायचे. आई म्हणायची, "अहो, अजून वेळ आहे." ते म्हणायचे, "असू दे. गाडी आधीच थांब्याला लागलेली बरी." औषधात एका मिनिटाची चूक झाली नाही. पण औषध घालून झालं, की ते गॅलरीत जाऊन रस्त्याकडे बघत बसायचे. इस्त्रीचा शर्ट घालणं थांबलं होतं. चौथ्या आठवड्यात त्यांनी मिक्सर उघडला.

त्या दिवशी आई मला म्हणाली, "ते खोकं खाली काढ."

"अगं, पण..."

"काढ गं. मी दीड तास ज्याच्यासाठी ताटकळले ते काय होतं, ते मला एकदा बघू दे तरी. आता तर नवा डोळा आहे."

बाबा नको नको म्हणत होते. आईने खुर्ची ओढली आणि त्यांच्या डाव्या हाताला बसली. बस स्टेशनवरून निघाली. पहिला थांबा, दुसरा थांबा. आई नव्या डोळ्याने पडद्याकडे बघत होती. बाबांच्या मानेवर घाम आलेला मला दिसत होता. तिसऱ्या थांब्यावर ती म्हणाली, "हे पोस्ट इथे नव्हतं."

"होतं."

"अहो, बावीस वर्षं मी तिथे उतरले. आधी बेकरी, मग पोस्ट. बेकरीचा वास आला की मी पर्स बंद करायची आणि उठायची."

बाबांनी बस बाजूला घेतली. हँडब्रेक लावला. खरं होतं. आई सत्तावीसनेच कामाला जायची, कधी कधी बाबांच्याच बसने, आणि बाबांनी एकदाही तिला बिनतिकीट नेलं नव्हतं. पण बाबांचे डोळे कायम समोर. खड्डे, सिग्नल, सायकली त्यांना पाठ होत्या. डाव्या खिडकीतून काय दिसतं, ते त्यांनी एकोणीस वर्षांत कधी बघितलंच नव्हतं.

"अजून काय चुकलंय?" त्यांनी वही पुढे ओढली.

"लिहा. पुलाचा कठडा हिरवा. शाळेसमोरचा बाक मोडका, तो तुम्ही धडधाकट केलाय. आणि घड्याळाच्या दुकानातली सगळी घड्याळं वेगवेगळी वेळ दाखवायची."

"खरंच?"

"तुम्ही कायम वेळेवर असायचात. म्हणून त्या दुकानाकडे बघून हसू यायचं."

त्या दिवशी वहीची नऊ पानं भरली. दुसऱ्या दिवशी आईने एका कागदावर ड्युटी लिहून भिंतीला चिकटवली: दहा ते बारा, बारानंतर बस डेपोत. बाबांनी खाली सही केली. आठवडाभराने बारा वाजून पाच मिनिटं झाली तरी बाबा पुलाजवळ झाडं लावत होते. आईने येऊन भिंतीवरचं बटण बंद केलं. तासाभराची झाडं गेली. नियमाशी बाबा कधी भांडत नाहीत. पण त्या दिवशी भाजीत मीठ कमी होतं, ते त्यांनी सांगितलं नाही. त्यानंतर ते पावणेबारालाच सगळं आवरायला लागले.

पिवळी छत्री परत आली. आईचा आवाज ऐकून ती म्हणाली, "काकू, तुम्ही थांब्यांची नावं का सांगत नाही? आपण ती बसमध्ये घालू." बोर्डावर तीस वर्षं बोललेला तो आवाज, स्वच्छ, न घाईचा. "पुढचा थांबा, पोस्ट ऑफिस." चौदा थांबे आईने दोन दिवसांत म्हटले. पाण्याची टाकी तिला मनासारखी जमेना, ती सहा वेळा म्हटली.

मार्ग पूर्ण झाला, तेव्हा बाबांनी डेपोतल्या जुन्या सोबत्यांना रविवारी सकाळी बोलावलं. सहा जण आले. मागच्या खोलीत त्यांनी खुर्च्या आपोआप दोन-दोनच्या रांगेत मांडल्या, कुणी सांगितलं नव्हतं. निवृत्त चेकर मागे उभे राहिले, बसायला तयार होईनात. बस निघाली. आईचा आवाज आला, तसं सगळ्यांनी वळून तिच्याकडे बघितलं. बेकरी आली. एक जण म्हणाला, "इथे माझा ब्रेक फेल झाला होता." दुसरा म्हणाला, "तुझा नव्हे, माझा." चौकापर्यंत त्यावर भांडण. शाळेच्या वळणावर सहाही जण नकळत उजवीकडे झुकले. नवरा दारात उभा राहून हे बघत होता. तो माझ्या कानात म्हणाला, "मी हा गेम चार महिने खेळलो. मला तर कधी वळण लागलंच नाही."

पाण्याच्या टाकीला बस थांबली तेव्हा चेकर पुढे आले आणि गंभीर चेहऱ्याने आईकडे हात पसरून म्हणाले, "तिकीट." आईने पर्स उघडून त्यांना वाचनालयाची पावती दिली. त्यांनी ती तपासली, मागे-पुढे करून पाहिली आणि परत केली.

पुढच्या महिन्यात पिवळ्या छत्रीचा फोन आला, तेव्हा आम्ही जेवत होतो. ती तिसऱ्यांदा परीक्षेला बसली होती. बाबांनी फोन टेबलावर ठेवून सगळ्यांना ऐकू येईल असा केला.

"काका, चढावर थांबवली माझी बस. मुद्दाम, ऐन मध्यावर."

"मग?"

"मग नाक उचललं तिने."

बाबांनी पाण्याचा ग्लास उचलला, खाली ठेवला. शेवटी आईनेच विचारलं, "मग पास झालीस ना गं?" पलीकडून हसण्याचा आवाज आला, आणि बाबांनी रुमाल काढून उगीचच चष्मा पुसला.

कुणी मला विचारतं, या खेळांत वेळ फुकट जातो की नाही. जातो, मी म्हणते. आमच्या घरात दीड तास गेला आहे, तोही दवाखान्याच्या बाकावर. बाकीच्या तासांचं काय झालं, ते विचारणाऱ्याला दहा ते बाराच्या दरम्यान घरी येऊन बघावं लागेल.

सध्या तिथे नवीन काम निघालंय. आईला असा मार्ग हवाय, जो कधी कुठल्या डेपोतून सुटलाच नव्हता: तिच्या बहिणीच्या दारापासून आमच्या दारापर्यंत, मध्ये कुठेही बस न बदलता. मधे एक अख्खा डोंगर येतो. बाबा म्हणतात, वळसा घालू. आई म्हणते, बोगदा काढा. काल सकाळी मी खाली गेले तेव्हा दोघं नकाशात डोकं घालून बसली होती, आणि बाबा सांगत होते, "अगं, बोगद्यात खिडकीतून काय दिसणार तुला?"

आईने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "बरं, वळसा घाला. पण मग तिथे एक तळंही हवं."

बाबांनी पेन्सिलीला टोक काढलं.