उपाशी पोटी ग्लुकोज

पोलीस भरतीच्या पोरी पळवता पळवता माझेच गुडघे गेले. अहमदपूरला शाळेत पीटी शिकवली, रिटायर झालो, तरी पहाटेचं मैदान काही सुटलं न्हाई. आता मात्र शिट्टी गळ्यात अडकवायचाही कंटाळा येतो. गुडघ्यांचं मी लोकांना सांगतो. खरं कारण वेगळं आहे.

माझा एक कायदा होता. पळायच्या पाऊण तास आधी, उपाशी पोटी, ग्लुकोज पावडरचं गच्च पाणी. कालवायचोही मीच, पाजायचोही मीच. हदगावची एक पोरगी इथं खोली करून राहायची. वयात बसायचं तिचं ते शेवटचं वर्ष. ती म्हणाली, "सर, ते पिऊन मला गरगरतंय. मी आपली लवकर उठून भाकर खाऊन येते ना."

"भाकर खाऊन कुठं पळत्यात का? लई शहाणी झालीस!" मी खेकसलो. बाकीच्या पोरी फिदीफिदी हसल्या.

सरावाला ती ते पाणी हळूच झाडाखाली ओतायची. मला दिसायचं, मी काणाडोळा करायचो, कारण ती पळायची छान. पण नांदेडला भरतीच्या दिवशी मी गेटाबाहेर तिच्यासमोर उभा राहिलो आणि पेला पार रिकामा करून घेतला.

आठशे मीटरच्या शेवटच्या वळणावर तिचे पाय लटपटायला लागले. घामानं डबडबली. कशीबशी पोचली, पण पळण्याचे गुण गेले, आणि यादी लागली तेव्हा एका गुणानं राहिली. मी सगळ्यांना सांगत सुटलो, "घाबरली पोरगी, दुसरं काय!"

पुढं बायकोला शुगर निघाली, घरात बोट टोचायचं मशीन आलं. एकदा सहज म्हणून मैदानावर दोघी पोरींना टोचून बघितलं. ग्लुकोज पाजलं, थोड्या थोड्या वेळानं पुन्हा टोचलं. एकीची चढली आणि नीट उतरली. दुसरीची झर्रकन चढली आणि पाऊण तासात आधी होती त्याच्याही खाली गेली. बायकोच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "होतं असं काहींचं. एकदम गोड गेलं की शरीर शुगर जरा जास्तच खाली ओढतं, त्यात वरून पळणं. ज्याला जे मानवतं ते द्यावं."

एका गुणानं राहिलेल्या त्या पोरीला फोन केला. हदगावला कापड दुकानात लागली होती. "रोज पळून राहिले सर अजून. सवय सुटंना," म्हणाली. भरतीला तीन महिने झाले होते. दोन दिवसांची सुट्टी काढून एसटीनं आली.

पहिल्या दिवशी ग्लुकोज पाजलं. आकडा धाडकन खाली आला. "बघा, मी म्हणलं होतं की न्हाई?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, त्यानं मला जास्तच लागलं.

दुसऱ्या दिवशी ती ज्वारीची भाकर आणि चटणी खाऊन, दोन-अडीच तासांनी मैदानावर आली. आकडा जागचा हलला न्हाई. मग ती पळाली. मी घड्याळ दाबलं, बघितलं. पूर्ण गुणांची वेळ होती, वर दोन सेकंद शिल्लक.

ती धापा टाकत आली. "किती आली सर?"

आता सांगून काय उपयोग? वय तर निघून गेलं. तिला जन्मभर चुटपुट नको, असं मी स्वतःला सांगितलं आणि घड्याळावरची वेळ पुसून टाकली. "नांदेडला आली तेवढीच की गं."

ती मटकन खाली बसली. मग हसली.

"म्हणजे भाकर खाऊन बी जमलं नसतंच. आणि मी येडी, तीन महिने तुमच्या नावानं खडे फोडत बसले. माफ करा सर."

वाकून पाया पडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "केलं माफ."