रोज आंघोळ घातलेला दगड

हैदराबादेत तारनाक्याच्या एका संस्थेत उल्कापाषाणांवर जाहीर व्याख्यान होतं. मी बातमीसाठी गेलो होतो, वडील दगडासाठी. आपल्याजवळ असा दगड असेल तर घेऊन या, तपासून सांगू, असं निमंत्रणात होतं.

आमचा दगड कवठाएवढा, वजनाला भारी. आजोबांनी तो गावच्या शेतात आकाशातून पडताना पाहिला होता. गावाने त्यांना थापाड्या म्हटलं, ते मरेपर्यंत. नोकरीसाठी हैदराबादला येताना वडिलांनी दगड बरोबर आणला आणि विद्यानगरच्या घरी देव्हाऱ्यात ठेवला. ऐंशी उलटल्यावर त्यांना एवढंच हवं होतं, की कुणी जाणत्याने हो म्हणावं.

वक्त्या तरुण शास्त्रज्ञ होत्या. यानाने लघुग्रहावरून आणलेली माती त्यांनी पडद्यावर दाखवली. ती नायट्रोजन भरलेल्या पेटीत ठेवतात, उघड्या हाताने कुणी शिवत नाही. इथली हवा आणि ओल लागली की ती बदलते. वडिलांच्या मांडीवरचं रेशमी फडक्याचं गाठोडं पाहून शेजारच्या खुर्चीतले गृहस्थ म्हणाले, "चचा, पत्थर लाए कि परसाद?" वडील हसले नाहीत. ते पडद्याकडे बघत होते.

व्याख्यानानंतर दगड टेबलावर ठेवला. लोहचुंबक चिकटलं. शास्त्रज्ञबाईंनी नख फिरवलं तर तपकिरी भुकटी पडली.

"अंकल, इसको पानी लगता है क्या?"

"रोज नहलाते हैं, अम्मा. सोमवार को दूध-दही से."

त्यांनी भुकटी बोटावर घेऊन पाहिली. मग म्हणाल्या, यात लोखंड आहे. भट्टीतलं की वरून आलेलं, हे कापल्याशिवाय सांगता येणार नाही.

"नक्को," वडील म्हणाले. भंगलेला देव पूजेत ठेवत नाहीत.

रिक्षात ते एकदाच बोलले. "आपणच गंजवला की रे."

दुसऱ्या दिवसापासून दगडाला फक्त कोरडं फूल. पण पावसाळा सरताना पुसता पुसता एक पापुद्रा त्यांच्या हातात आला. तो त्यांनी कागदात बांधून मला दिला. "आता भंगलाच. दाखव नेऊन."

काही दिवसांनी बाईंचा फोन आला. पापुद्रा आरपार गंजलेला होता, तपासण्याजोगा धातू त्यात उरला नव्हता. आतला गाभा लागेल.

"नाही म्हणाल्या का?" वडिलांनी विचारलं.

"नाही म्हणाल्या नाहीत. हो पण म्हणाल्या नाहीत. गाभा द्यायचा का?"

"आणि भट्टीतला निघाला तर?"

गाभा दिला नाही. भंगलेल्या देवाचं विसर्जन करतात, म्हणून आम्ही गोदावरीवर गेलो. घाटावर आणखी चार-पाच माणसं होती, आपापल्या कामात. वडिलांनी पायरीवर बसून दगड कोरड्या फडक्याने नीट पुसला. मग पाण्यात सोडला.