प्रथिनाचा दुसरा हात
काल दातांच्या डॉक्टरांकडे लवंगेच्या तेलाचा वास आला आणि पीएचडीचे दिवस आठवले; प्रयोगशाळेत आम्ही छोट्या माशांना त्याच तेलाने गुंगी देत असू. त्यांच्या चेतापेशींतलं एक प्रथिन आरएनएला घट्ट धरून ठेवतं. त्याचा धरणारा भाग मी मोडला, तरी पकड सुटेना. वर्षभर हेच चाललं. खडकीच्या घरी एकदा आईला म्हटलं, "त्या प्रथिनाचा धरणारा हातच मोडला, तरी ते सोडत नाही. सोडतेय मी हे सगळं." शिलाई मशीन थांबवून ती म्हणाली, "अगं, त्याला दुसरा हात नसेल कशावरून?" तसा एक भाग होता, पण आम्ही तो निकामी मानला होता. दोन्ही मोडले आणि पकड सुटली. मी फोनवर रडायलाच लागले. आई म्हणाली, "रडतेस काय? जेवायला ये." आता माझी एखादी विद्यार्थिनी अडली, की मी तिला आधी घरी फोन करायला सांगते.