सातर्डेकरांचा हितेंद्र आणि बाणगंगेचे कावळे

श्री. हितेंद्र बुधाजी सातर्डेकर, वय वर्षे एकोणपन्नास, राहणार चिंचपोकळी, दुसरा मजला, जिना चढून उजव्या हाताची तिसरी खोली. उंची मध्यम, वर्ण सावळा, बांधा कॅमेऱ्याच्या बाजूला किंचित कललेला. ओळखीची खूण: उजव्या डोळ्याभोवती काळसर वर्तुळ, ते मारामारीचे नसून कॅमेऱ्याला डोळा लावून लावून पडलेले आहे. उपजीविका: काळबादेवीच्या एका कापडपेढीत जमाखर्च. हुद्दा: निसर्ग व वन्यजीव छायाचित्रकार (हौशी), विशेष प्रावीण्य पक्षी. सदर हुद्दा सदर इसमाने स्वतःच स्वतःस बहाल केला असून त्याची कार्डेही छापून घेतली आहेत. पैकी बहुतेक कार्डे अद्याप घरातच आहेत. इसमाची पत्नी सौ. अनुजा त्यांच्या कोऱ्या बाजूवर वाणसामान लिहिते.

हितेंद्रकडे एक जाकीट आहे. हिरव्या-तपकिरी पानापानांचं, जंगलात पक्ष्यांना माणूस दिसू नये म्हणून शिवलेलं. तसलीच टोपी, तिला वर खऱ्यासारखी पानं लोंबतात. हा पोशाख करून तो चिंचपोकळीत उतरला की पुलावरच्या माणसालासुद्धा दिसतो. गळ्यात जुन्या बाजारातून घेतलेली हातभर लांब लेन्स; तिच्यावरही पानापानांचा अभ्रा. चाळीत तिला ‘तोफ’ म्हणतात.

या तोफेने तीन हंगाम शिवडीच्या खाडीवर फ्लेमिंगो टिपले. फ्लेमिंगो हा पक्षी हितेंद्रला बघून उडत नाही. तो नुसता वळतो आणि चालू लागतो. त्यामुळे हितेंद्रच्या संग्रहात फ्लेमिंगोंच्या पाठी विपुल आहेत. त्याला बघून न जाणारा पक्षी एकच, कावळा. प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात एखादा तरी यायचाच. पण कावळ्याचा फोटो काढणं हितेंद्रला कमीपणाचं वाटे. “कावळा काय, कोणीही काढतो,” असं म्हणून तो घरी आल्यावर कावळे पुसून टाकी.

तोफेला तीन पायांचा स्टँड होता आणि तो मोरीच्या शेजारच्या कोपऱ्यात उभा असे. त्याच कोपऱ्यावर अनुजाचाही डोळा होता.

“अहो, हा तीन पायांचा पाहुणा जायचा कधी?”

“ट्रायपॉड आहे तो.”

“असू दे. वॉशिंग मशीनला चार पाय असतात, पण ते निदान कपडे धुतं.”

गणपती गेले त्या आठवड्यात तिने निकाल देऊन टाकला. “दिवाळीपर्यंत या अख्ख्या मुंबईत एका तरी माणसाने, आपल्या तोंडाने, तुमचा एक फोटो मागून नेला आणि भिंतीवर लावला, तर कोपरा तुमचा. नाहीतर तोफ विकायची आणि मशीन आणायचं.”

फ्लेमिंगो दिवाळीनंतर येतात. ही गोष्ट अनुजाला ठाऊक होती की नाही, हे कळायला मार्ग नाही.

हितेंद्रने पहिला आधार शोधला तो गौतम तांबेचा. गौतम बाजूच्या चाळीतला, शाळेपासूनचा मित्र, विमा कचेरीत नोकरीला. एका रविवारी सहज सोबत म्हणून शिवडीला गेला, त्याच्या खांद्यावर स्टँड देण्यात आला आणि तो पुढे कधीच उतरला नाही. गौतमच्या घरी विजेच्या मीटरवर हितेंद्रने काढलेला एक बगळा लावलेला होता. अनुजा स्वतः जाऊन बघून आली.

“भाऊजी, हा तुम्ही मागून आणलात?”

गौतमने एकदा मित्राकडे पाहिलं, एकदा बगळ्याकडे. “वहिनी, खोटं नाही बोलणार. दाराशी ठेवून पळाला होता.”

बगळा बाद झाला.

मग हितेंद्रने पक्षी बाजूला ठेवून रोजचं जगणं टिपायचं ठरवलं. एका रविवारी सकाळी तो आणि गौतम फणसवाडीत पोचले. एका जुन्या लाकडी जिन्यावर छान तिरपं ऊन आलं होतं, पायरीवर एक आजी लसूण सोलत बसली होती. हितेंद्रने स्टँडचे तीन पाय फाकवले, वर तोफ चढवली आणि डोळा लावला. आजीने त्या तीन पायांकडे पाहिलं आणि वर तोंड करून हाक मारली, “अगो, खाली या गो! बिल्डरचा माणूस मोजायला आलाय!”

पाच मिनिटांत जिना भरला. लोकांनी लुंग्या बदलल्या, शर्ट घातले.

“आमचा पोटमाळा धरलात का?”

“मी रोजचं जगणं टिपतोय,” हितेंद्र म्हणाला.

“टिपा ना, जरूर टिपा. पण पोटमाळा टिपून मग पुढे.”

“तुम्ही नेहमी जसे असता तसे वागा हो.”

“नेहमी आम्ही मोरीला दार आहे म्हणून सांगतो. लिहा.”

कोणी खुर्च्या आणल्या, कोणी चहा. गौतमला लोकांनी मोठा साहेब ठरवलं, कारण त्याच्या खिशाला पेन होतं. दोघं दोन-दोन कप चहा पिऊन आणि ‘विचार करू’ असं सांगून बाहेर पडले. रोजचं जगणं त्या दिवशी फणसवाडीत कोणी जगलंच नाही.

दसरा गेला. आकाशकंदिलांचे बांबू बाजारात आले. अनुजा एकदा फुटपट्टीने कोपरा मोजताना दिसली. आणि अशात चाळीतले रामदासतात्या परब वारले.

तात्या एक्याऐंशी वर्षांचे होते. गिरणी बंद पडल्यापासून त्यांनी एकच काम निष्ठेने केलं: सामाईक गॅलरीच्या ऐन वळणावर वेताची खुर्ची टाकून बसणं. सगळा मजला त्यांच्यापुढून आडवा होऊन जायचा. चाळ कमिटीचे सेक्रेटरी मांजरेकर खुर्ची हलवा म्हणून सांगून सांगून म्हातारे झाले. तात्यांना दोन मुलगे, प्रफुल्ल आणि अमित. गावच्या घराच्या पडवीवरून त्यांचा अबोला होता. एकमेकांशी बोलायचं झालं तर ते आईमार्फत बोलत. मुलगी मनवा दोह्याला. तिला रजा मिळाली नाही.

नवव्या दिवशी तात्यांची बायको राधाबाई हितेंद्रच्या दारात येऊन उभी राहिली.

“हितेंद्रा, उद्या तुझो तो कॅमेरो घेवन बाणगंगेर ये. बापाशीक कावळो शिवलो, ता मनवाक बघूचा आसा. माका फोटो काढून दी.”

हितेंद्रने अनुजाकडे पाहिलं. उभ्या जन्मात पहिल्यांदा कोणीतरी फोटो मागत होतं. राधाबाई गेल्यावर अनुजा म्हणाली, “मागितला, कबूल. पण कावळ्याचा फोटो भिंतीवर लावणार कोण?”

“ते माझ्यावर सोड,” हितेंद्र म्हणाला. त्या संध्याकाळी त्याने लेन्स दोनदा पुसली. ज्या पक्ष्याला आजवर पुसून टाकलं त्याच्यावरच आता सगळी भिस्त होती.

प्रफुल्लने सकाळी सुचवून पाहिलं, “मोबाइलवर घेऊ ना रे पटकन.”

“मोबाइलमध्ये पिसं सुटी येत नाहीत, प्रफुल्ल. तात्यांना शिवलेला कावळा डांबराच्या गोळ्यासारखा दिसला तर चालेल तुला?”

बापाच्या दहाव्याला ‘चालेल’ कसं म्हणणार? प्रफुल्लने मोबाइल खिशात टाकला.

बाणगंगेच्या तळ्यावरचे कावळे हे मुरलेले कावळे. पिंड ठेवायच्या आधीच येऊन बसतात, पान वाढायला उशीर झाला तर ओरडतात. त्या दिवशीही देवळाच्या भिंतीवर रांगेने बसले होते. गुरुजींनी पिंड मांडले, मंडळी मागे सरून हात जोडून उभी राहिली. समोरच्या पायऱ्यांवर हितेंद्रने जाकीट-टोपी सावरली आणि तोफ रोखली.

सगळे कावळे एकदम उठले आणि तळ्याच्या पलीकडच्या काठावर जाऊन बसले.

“काहीतरी इच्छा राहिली असेल,” गुरुजी म्हणाले. “बोला.”

प्रफुल्ल पुढे झाला. “बाबा, आईला मी सांभाळीन.” कावळे ढिम्म.

अमित म्हणाला, “आई, त्याला सांग, एकटा नाही सांभाळणार. मी पण आहे.” ढिम्म.

प्रफुल्लने घाम पुसला. “बाबा, पडवी अमितने घेतली तरी माझी हरकत नाही.”

“मला नको पडवी. तूच घे,” अमित थेट त्यालाच म्हणाला. दोघांमधलं हे चार वर्षांतलं पहिलं वाक्य.

“तू घे म्हणतोय ना!”

“नाही घेणार, जा!”

“अरे, भांडताय काय?” राधाबाई कडाडली. “त्येंका पडयेचा काय एक पडला नव्हता.”

मग बोली सुरू झाली. कोंबडी-वडे. काजूची बाटली. गावच्या जत्रेला दरवर्षी घरचा एक माणूस जाईल. कोणी म्हणालं, तात्यांना आठवड्यातून दोनदा बांगडा लागायचा. बांगडाही कबूल करण्यात आला. कावळ्यांनी मान फिरवली नाही. शेवटी सगळे मांजरेकरांकडे बघू लागले. मांजरेकरांनी काढून हातात धरलेली चप्पल या हातातून त्या हातात घेतली. दाढ काढायला बसल्यासारखा चेहरा करून ते म्हणाले, “तात्या, खुर्ची... खुर्ची आहे तिथेच राहील.”

पलीकडचा एक कावळा उडाला आणि निम्म्या वाटेवरच्या खांबावर येऊन बसला.

“खुर्चीच! खुर्चीतच जीव होता!” एकच गलका झाला. हितेंद्रने आनंदाने तोफ खांबाकडे वळवली. कावळा होता तिथे परत गेला.

ऊन चढलं. गुरुजींना दुसरीकडे जायचं होतं. “असं बघा, दर्भाचा कावळा करून शिवला तरी शास्त्राला चालतो.”

“गवताचो कावळो?” राधाबाई म्हणाली. “शास्त्राक चालात. त्येंका चालाचो नाय. त्येंनी उभ्या जन्मात डालडा खाल्लो नाय.”

तेव्हा इतका वेळ बायकांच्या मागे उभी असलेली अनुजा पुढे आली.

“राधाकाकी, तात्यांची काही इच्छा राहिलेली नाही. इच्छा राहिलीय ती ह्यांची.” तिने पायऱ्यांकडे बोट केलं. “हे जिथे ती तोफ रोखतात तिथून पक्षी जातो. शिवडीच्या फ्लेमिंगोंना विचारा. गौतमभाऊजींना विचारा.”

सगळे वळले. पायऱ्यांवर एक झुडूप गुडघे मोडून बसलं होतं आणि त्यातून हातभर नळी बाहेर आली होती.

“हितेंद्रा, मेल्या,” राधाबाई म्हणाली, पण आवाजात राग नव्हता, “तां खाली ठेव रे. येवंदे त्येंका.”

हितेंद्रला सगळं दिसत होतं. एका पारड्यात तात्यांची गती, दुसऱ्यात मोरीशेजारचा कोपरा. डोळा काढला की फोटो गेला, फोटो गेला की तोफ गेली, आणि दिवाळीत त्या जागी चार पायांचं काहीतरी गरगर फिरणार. त्याने एक लांब श्वास घेतला. लांबवलेली लेन्स आखडून मांडीवर घेतली, डोळे मिटले आणि पुटपुटला, “तात्या, राहू दे फोटो. तुम्ही या.”

पलीकडच्या काठावरून एक कावळा आला आणि त्याच्या डोक्यावर बसला.

जाकीट-टोपीचा जोड घेतल्यापासून कुठल्याही पक्ष्याने हितेंद्रला झुडूप समजण्याची ही पहिलीच वेळ. समोर सगळ्यांचे आ वासले. हितेंद्रला डोक्यावर नखं जाणवली, तो दचकला, आणि मांडीवरच्या कॅमेऱ्यावर राहिलेलं त्याचं बोट दाबलं गेलं. खटखटखट असा आवाज झाला. कावळ्याने एकदा “काव” केलं, सरळ खाली झेपावला आणि पिंडाला शिवला. शिवून थांबला नाही, निम्मा खाल्ला. मग बाकीचे आले, आणि उरलेला निम्मा कोणी खायचा यावरून त्यांच्यात पडवीसारखं भांडण जुंपलं.

मंडळी पाया पडून मोकळी झाली. गौतम हितेंद्रजवळ येऊन बसला. “मिळाला?”

हितेंद्रने कॅमेऱ्यात पाहिलं. आठ फोटो आले होते, सात आभाळाचे. आठवा परबांचा. अमितने प्रफुल्लचा दंड घट्ट धरलाय. मांजरेकरांच्या हातातली चप्पल निसटतेय. गुरुजी एका पायावर. आणि मधोमध राधाबाई, तोंडावर पदर, पण पदराआडून हसतेय. दहा दिवसांत पहिल्यांदा. सगळे जण कॅमेऱ्याच्या हातभर वर, एकाच जागी बघतायत. फोटो लख्ख आला होता, कारण तो काढताना हितेंद्रचे डोळे मिटलेले होते.

दोह्याहून मनवाचा लगेच फोन आला. “आई, फोटो बघून रडले गं मी. पण कावळा कुठाय?”

“वर,” राधाबाईने सांगितलं.

दिवाळीच्या आदल्या दिवशी ती पुन्हा दारात आली. “हितेंद्रा, ह्यो माका मोठो करून दी. दोघव झील एका फोटोत मावले, ह्येचा कौतुक. भिंतीर लावतंय.”

तो लावल्यावर अनुजा बघायला गेली. तात्यांच्या हार घातलेल्या तसबिरीशेजारी, दारातून सरळ नजरेला पडेल असा. खिळाही चांगला ठोकलेला. ती घरी आली आणि फुटपट्टी खणात ठेवून दिली. मशीन गॅलरीच्या वळणावर बसेल का, असं तिने मांजरेकरांना विचारून पाहिलं. मांजरेकरांनी खुर्चीकडे बोट दाखवलं. सगळा मजला अजून तिथून आडवा होऊन जातो.

हितेंद्रने नवी कार्डे छापून घेतली आहेत. श्री. हितेंद्र बुधाजी सातर्डेकर, निसर्ग व वन्यजीव छायाचित्रकार (हौशी), विशेष प्रावीण्य पक्षी. बाणगंगा येथे कावळा शिवण्याच्या प्रसंगीचे सुप्रसिद्ध छायाचित्र खाजगी संग्रहात, चिंचपोकळी, पूर्वपरवानगीने पाहता येईल.

फोटोत पक्षी नाही.