नाचरं लुगडं

मंचरच्या आमच्या महिला मंडळानं पारंपरिक पोशाखांचा फॅशन शो करायचं ठरवलं आणि सगळं काम, नेहमीसारखं, माझ्या गळ्यात पडलं. शिवणकाम, घर, सासऱ्यांचं पथ्यपाणी यातच मी मेटाकुटीला आले होते. म्हणून फोनमधल्या एआयला विचारत सुटले. त्याला काहीही विचारा, लगेच उत्तर. कपाळाला आठी म्हणून नाही.

आधी त्यानं शिनोलीत एक हॉल सुचवला, स्टेजसकट. भर उन्हात स्कूटीवर गेले तर हॉलचा पत्ताच नाही. चहावाला म्हणाला, "ताई, आसला हाल हितं कधीच नव्हता. कुनी सांगितलं तुमाला?" फोननं, हे सांगायची लाज वाटली. घरी येऊन फोनला जाब विचारला तर म्हणे, "क्षमस्व, तुमचं बरोबर आहे." इतकं गोड, की भांडायचीही सोय नाही. शेवटी शाळेचं पटांगण मिळालं. तिथंच मी शहाणं व्हायला हवं होतं, पण अंगात त्राण नव्हतं. आयतं मिळेल ते हवं होतं.

शोमध्ये सगळ्या भाड्याच्या नऊवारीत मिरवणार होत्या. खरंखुरं जुनं नेसणारी एकच, माझी मावशी. घाटघरला दिलेली, सत्तरी ओलांडलेली. ती अजून गुडघ्यापर्यंत वर खोचलेलं लुगडंच नेसते. मंचरच्या बाजारात ते बघून बायका पदराआड हसतात, हे तिला ठाऊक होतं. म्हणून ती यायला तयार नव्हती.

"लोक हासत्याल गं मला."

"कुणी हसणार नाही मावशी. माझा शब्द आहे."

त्या शब्दावर ती आली, दोन दिवस आधीच. एसटीनं. पिशवीत धुतलेलं हिरवं लुगडं आणि माझ्यासाठी नाचणीचं पीठ. आल्या आल्या माझ्या ओट्यापाशी बसून लसूण सोलायला लागली. मी तिच्यासमोरच, भाजीला फोडणी देता देता, एका हातानं फोनवर टाइप करून विचारलं की घाटघरच्या बायका आखूड लुगडं का नेसतात. उत्तर आलं. मला ते फार देखणं वाटलं. उतरवून घेतलं.

शोच्या दिवशी मावशी स्टेजवर आली. दोन्ही हात पोटाशी, नजर खाली. मी माइकवरून वाचलं, "घाटघरच्या स्त्रिया लग्नात नाचण्यासाठी असं आखूड लुगडं नेसतात. याला नाचरं लुगडं म्हणतात."

"मंग नाचा की आजी!" मागून कुणीतरी ओरडलं. डीजेवाल्यानं गाणं लावलं. पटांगण हसलं, आमच्या मंडळाच्या बायकासुद्धा. मावशी मधोमध उभी. तिनं एकदाच माझ्याकडं बघितलं. मला माइक खाली ठेवायचंही सुचलं नाही.

पडद्यामागं गेले तेव्हा ती खोचलेलं लुगडं खाली सोडत होती.

"मावशी, माफ कर गं. माझं चुकलं," मी म्हणाले. फोनच्या त्या "क्षमस्व"सारखंच पटकन निघालं तोंडातून. मला माझीच किळस आली.

"भाताच्या आवणीला गुडघाभर चिखलात उतरतो आमी. खाली सोडलं तर पायात येतं, मानूस पडतं. म्हून वर खोचायचं," ती सांगत होती. आवाज चढलेला नव्हता, नुसता थकलेला होता. "त्ये नाचायचं कुनी सांगितलं तुला?"

"फोननं."

"आन मी? दोन दिस तुज्याच घरात व्हते की गं."

जेवायलाही न थांबता ती निघाली. स्टँडपर्यंत मी तिची पिशवी घेऊन मागं चालत होते. रस्त्यावर ट्रकांची ही गर्दी, आणि तिनं लुगडं पार घोट्यांपर्यंत ओढून घेतलेलं. दर चार पावलांना ते तिच्या पायात येत होतं.