दंडाची एक फेरी

शेवटच्या भेटीत मी सरांना थोबाडीत मारली. हे आधीच सांगून टाकते, कारण गेल्या महिन्यात त्यांच्याबद्दल जे छापून आलं त्यात लाडक्या शिष्यांमध्ये माझं नाव पहिलं होतं. त्या थपडेनंतर अठरा दिवसांनी ते गेले. मी पुण्यात बंदोबस्तावर होते. सरांच्या बायकोच्या, काकूंच्या, भाच्याचा फोन आला, "ताई, सर गेलं." मी "बरं" म्हणाले, फोन खिशात टाकला आणि समोर आलेल्या मोटरसायकलवाल्याला, त्याची काडीची चूक नसताना, असं झापलं की सोबतची शिपाई माझ्या तोंडाकडे बघतच राहिली.

रोहिदास सर आमच्या गावचे. ओतूरच्या वर, डोंगराच्या अंगाला आमचं गाव. त्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या मेंढरं. लहानपणी गोफणीनं लांबच्या लांब धोंडा नेमका टाकायचे, म्हणून मिलिटरीत गेल्यावर साहेबांच्या डोळ्यांत भरले. मिलिटरीनं त्यांना बर्फात नेलं आणि बायथलॉन शिकवलं. पायाला स्की बांधून, पाठीवर बंदूक घेऊन जीव खाऊन पळायचं, मध्येच थांबून पाच गोळ्यांनी पाच टिकल्या फोडायच्या, पुन्हा पळायचं. जितके नेम चुकतील तितक्या दंडाच्या फेऱ्या बाजूच्या छोट्या रिंगणात मारायच्या आणि मगच पुढं जायचं. चुकलेल्या टिकलीवर दुसरी गोळी नाही. या खेळात सर देशात पहिले यायचे आणि सुट्टीला आले की पारावरची मंडळी विचारायची, "राव, एवढं बर्फात पळून शिकार काय गावली?"

मी नऊ वर्षांची असताना सरांच्या धाकट्या भावाची, किसन तात्यांची, मेंढरं आमच्या कांद्यात शिरली. कांदा काढायला आला होता. माझ्या वडिलांना आम्ही आबा म्हणतो. आबांनी फावडं उलटं धरलं आणि दांड्यानं तात्यांच्या डोक्यात मारलं. तात्या खाली बसले. आबांनी परत मारलं. ते आडवे झाले, तरी परत. मी बांधावर उभी होते, मी मोजले... तीन. दांडा मोडला म्हणून थांबले, नाहीतर थांबले असते असं मला वाटत नाही. तात्यांच्या कानातून रक्त येत होतं आणि मेंढरं त्यांच्या भोवतीनं आरामात कांद्याची पात खात होती.

सर तेव्हा सुट्टीवर आले होते. रात्रभर दवाखान्यात भावाजवळ बसले, दुसऱ्या दिवशी दुपारी एसटीनं परतले, घरातली दुनळी बंदूक घेतली आणि ओढ्यापासून आमच्या खळ्यापर्यंतचा चढ एका दमात पळत आले. आबा हौश्याला, आमच्या शर्यतीच्या बैलाला, धूत होते. सरांनी चाळीस पावलांवर एक गुडघा टेकला, बंदूक खांद्याला लावली. आई किंचाळली. बार झाला. आबा उभेच होते आणि त्यांच्या मागं हौश्या पुढच्या पायांवर कोसळला. मानेतून रक्ताची चिळकांडी उडाली ती माझ्या फ्रॉकवर आली. एवढं मोठं जनावर, मरायला लई वेळ लागला. पाय झाडून झाडून त्यानं खुंटा उपटला.

दुसऱ्या नळीत काडतूस होतं. पण सर उठले, बंदूक पाठीला लावली आणि पळायलाच लागले! कांदा साठवायच्या आमच्या बराखीला त्यांनी एक अख्खा वळसा घातला आणि पुन्हा आबांच्या समोर येऊन उभे राहिले. छाती लोहाराच्या भात्यासारखी चालली होती. त्यांनी हौश्याकडं बघितलं, मग आबांकडं. "किसनला नळीनं पाजत्यात," एवढंच बोलले आणि उतारानं चालत निघून गेले.

गावानं दोन्ही बाजू मिटवल्या. तात्यांचं डोकं फुटलं ते दगडावर पडून, आणि बार झाला तो रानडुकरावर. तात्या जगले, पण वाचा गेली आणि उजवं अंग गेलं. सरांची मात्र कीर्ती झाली. एवढा मोठा नेमबाज चाळीस पावलांवरून चुकेल कसा? म्हणजे त्यानं मुद्दाम बैल मारला आणि माणूस सोडला, वर भावाच्या नावानं प्रदक्षिणा घातली... अशी गोष्ट ओतूरच्या बाजारापर्यंत पोचली. पुढं निवृत्त होऊन सरांनी पोरांना शिकवायला घेतलं, तेव्हा त्या गोष्टीवर विश्वास ठेवूनच लोकांनी आपली पोरं त्यांच्या हाती दिली. मी तेरा वर्षांची झाल्यावर आबा स्वतः मला घेऊन गेले. म्हणाले, "मारा, तोडा, पण हिला घडवा."

त्यातलं मारणं सरांनी मनावर घेतलं. चाकाच्या स्कीवरून ते आम्हाला घाटातल्या डांबरी रस्त्यावर चढवायचे. आहुप्याच्या बाजूला नेलं की परत येताना गुडघ्यांना कातडं उरायचं नाही. धापा टाकत यायचं, पोटावर पडायचं, अर्धा श्वास सोडायचा, थांबायचं आणि मग छऱ्याच्या बंदुकीचा चाप ओढायचा. न थांबता ओढला की पोटरीवर स्कीची काठी बसायची. वर चुकलेल्या टिकलीमागं शाळेच्या मैदानाची फेरी होतीच. एकदा मी मान वळवून उलटं बोलले, तर काठी तोंडावर आली. ओठ फाटला, तीन टाके पडले, अजून व्रण आहे. घरी काय सांगितलं? पडले. सगळं गाव पडण्यात पटाईत. मी सहन केलं, कारण प्रत्येक फटक्याला मनात म्हणायची, या माणसानं माझा बाप जिवंत सोडलाय, त्याच्या काठीचं काय एवढं! त्याच हिशेबावर मी धावले, काश्मीरच्या बर्फावर जाऊन पदक आणलं, खेळाडू म्हणून पोलिसात लागले.

म्हणून शेवटच्या भेटीत ते जे बोलले, ते मला झेपलं नाही. फुप्फुसं गेली होती. ज्या माणसानं आम्हाला श्वास धरायला शिकवलं, त्याला चार शब्द बोलायला दोनदा थांबावं लागत होतं.

"वैजे, तुझ्या बापाला मी सोडलं न्हवतं," ते म्हणाले. "छातीवर नेम व्हता. मी थांबलो न्हाई, श्वासातच चाप वढला. चुकलो."

"मग दुसरी गोळी?"

"ती आठवलीच न्हाई. चुकलं की फेरी. पाय आपसूक पळालं. फेरी संपली तवा हातात जोर न्हवता... आन तू दिसलीस, फ्रॉक लाल झाल्याला."

मी पोलीस आहे, खुनाच्या प्रयत्नाचे जबाब मी शांतपणे लिहून घेते. पण तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं आबा नव्हते, हौश्या नव्हता. माझी पोटरी होती, माझा ओठ होता. जे कधी झालंच नव्हतं त्या उपकारापोटी मी एवढी वर्षं मार खाल्ला होता. हात उठला. त्यांचं डोकं भिंतीवर आपटलं. मागं वळून न बघता मी निघून आले. अठरा दिवस काकूंचे फोन उचलले नाहीत.

दशक्रियेच्या आदल्या दिवशी गावी गेले आणि आबांना सांगून टाकलं. ते गोठ्यात होते. त्यांनी शेणाची पाटी खाली ठेवली.

"मला ठाव हाये," ते म्हणाले. "बंदुकीमागचं डोळं मी बघितल्यालं. बैलावर न्हवतं ते."

"मग मला त्यांच्याकडं कशाला पाठवलंत?"

आबांनी पाटी पायानं बाजूला सारली. "त्येच्या नळीत काडतूस व्हतं आन त्यो थांबला. माझ्या हातात दांडा व्हता, मी न्हाई थांबलो. माझ्यापाशी राहून तू काय शिकली असतीस?"

मला त्यांचा राग आला आणि कीवही आली. काठी खाल्ली ती मी, हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नदीच्या घाटावर मांडव, माईक, श्रद्धांजलीची भाषणं. एका पुढाऱ्यानं सरांनी बैल मारल्याची आणि माणूस सोडल्याची गोष्ट रंगवून सांगितली आणि आबांना दोन शब्द बोलायला बोलावलं. आबांनी माईक दोन्ही हातांनी धरला. समोर पहिल्या रांगेत किसन तात्या बसले होते. "किसन दगडावर पडला न्हाई," आबा म्हणाले, "मी मारला त्येला. आन रोहिदासनं मला सोडलं न्हवतं, त्येचा नेम चुकला." माईक खाली ठेवून ते तात्यांच्या पायाशी जाऊन बसले. तात्यांनी तोंड दुसरीकडं फिरवलं. मांडवात चुळबूळ झाली, कुणीतरी घाईनं पुढचं नाव पुकारलं. आबांनी चारचौघांत सांगितलं म्हणूनच मी हे लिहू धजते आहे.

सगळे पांगल्यावर मी काकूंजवळ गेले. कसंबसं म्हणाले, "काकू, मी सरांना..."

"ठाव हाये," काकू म्हणाल्या. "गाल सुजला व्हता. मी हळद उगाळून आणली, तर लावू देईनात. दोन दिस तसंच बसलं. मी तुला लई शिव्या दिल्या बघ. तर मलाच म्हनलं, गप, पोरगी पयल्यांदा न थांबता मारती आन नेम चुकत न्हाई."

"रागावले होते?"

"न्हाई गं. म्हनलं, हिला आता फेरी न्हाई."

मी घाटाच्या पायरीवर बसून ओक्साबोक्शी रडले. काकूंनी मला उठवलं नाही, त्या सरांची धुतलेली धोतरं पिळून एकेक वाळत घालत राहिल्या.